एनएडीची ड्रिप लावून घ्यायच्या आधी: बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडच्या पेशंटसाठी सगळी माहिती

पुण्या-बेंगळूरला मिळणाऱ्या एनएडी ड्रिपबद्दल आता आपल्याकडचे लोकही विचारायला लागलेत. कुणाला थकवा आहे, कुणाला वय कमी दिसायला पाहिजे, कुणाच्या घरात दारूचा प्रश्न आहे, आणि मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघून वाटतंय की ही एक बाटली घेतली की सगळं जागेवर येईल. मी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून काम केलंय, सलाईन लावणं हेच हातातलं काम होतं, म्हणून सगळं नीट लिहून काढते. माझं मत आधीच सांगते, बहुतेकांना या ड्रिपची गरज नसते, पण ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी काय बघायचं, काय विचारायचं, कधी थांबवा म्हणायचं हे माहीत असायलाच पाहिजे.

हे औषध म्हणजे नेमकं काय

एनएडी म्हणजे निकोटिनामाइड ॲडेनाइन डायन्यूक्लिओटाइड. हे एक कोएंझाइम, आपल्या प्रत्येक पेशीत असतंयच, बाहेरून आणलेलं काही नवीन नव्हे. १९०६ मध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना यीस्टच्या रसावर काम करताना याचा पत्ता लागला, आणि पुढं १९२९ चं रसायनशास्त्राचं नोबेल हार्डन आणि हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना मिळालं ते याच सगळ्या कामासाठी.

पेशीतलं त्याचं काम समजून घ्यायचं तर उसाच्या ट्रॉल्या डोळ्यासमोर आणा. खाल्लेल्या अन्नातून निघालेली शक्ती एनएडी उचलतं, पेशीतल्या कारखान्यात नेऊन टाकतं आणि रिकामं होऊन परत भरायला येतं, तीच ट्रॉली दिवसभर फिरत राहते. आता रानात ऊसच नसेल, नाहीतर कारखाना बंद असेल, तर ट्रॉल्या वाढवून साखर वाढणार नाही. रक्तच कमी असेल, थायरॉइड बिघडला असेल, रात्री झोपेत श्वास अडकत असेल, तर एनएडी वाढवून थकवा जाणार कसा?

शरीर हे एनएडी बनवतं व्हिटॅमिन बी ३ पासून, म्हणजे नायसिनपासून, आणि थोडंफार प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅनपासून. बी ३ शेंगदाण्यात भरपूर आहे, चिकन-मासे, डाळी यांतूनही मिळतंय. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण १४ ते १८ मिलीग्रॅम, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात १२ मिलीग्रॅमच्या आसपास असतंय. म्हणजे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, आमटी, थोडं दूध-दही, आठवड्यातून अंडी किंवा मासे असं खाणाऱ्याला बी ३ कमी पडायचं कारण नाही.

कमी पडलं की काय होतं हे आपल्या भागाशी जवळचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. या आजाराचं नाव पेलाग्रा. उन्हात उघडी राहणारी जागा, म्हणजे मानेवर, हाताच्या पाठीवर, पायावर काळपट खरखरीत चट्टे, जुलाब, आणि विसरायला होणं, चिडचिड, भ्रम. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरीब लोकांत हा दिसायचा आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमाराला त्यावर काम केलं, ज्वारीत ल्यूसिन (प्रोटीनमधला एक घटक) जास्त असल्यानं बी ३ चं गणित बिघडतं असं त्यांनी मांडलं. याचा अर्थ भाकरी सोडा असा कुणी काढू नका, फक्त भाकरी-चटणीवर राहू नका एवढाच आहे. आजही रोज दारू पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसात, कधी टीबीची आयसोनियाझिड गोळी चालू असणाऱ्यात पेलाग्रा सापडतो. त्याचं औषध म्हणजे निकोटिनामाइडच्या साध्या स्वस्त गोळ्या, डॉक्टरांना चट्टे दाखवले की झालं, त्याला ड्रिप लागत नाही.

ड्रिपमधून घेतलेलं एनएडी जातं कुठं

जाहिरातीत म्हणतात की गोळी पोटात वाया जाते आणि ड्रिप थेट पेशीत जाते. नसेतून रक्तात जातंय हे खरं, पण रक्तातून पेशीच्या आत हा एवढा मोठा रेणू सहज शिरत नाही, बाहेरच त्याचे तुकडे होतात, त्यातला निकोटिनामाइड आत जातो आणि पेशी परत आपलं एनएडी बनवते. म्हणजे हजारो रुपये देऊन शेवटी बराचसा बी ३ च पोचतो.

माणसांवरचे अभ्यासही फार थोडे आहेत. २०१९ मध्ये एक छोटा अभ्यास छापून आला, ११ पुरुष, त्यातल्या ८ जणांना ७५० मिलीग्रॅम एनएडी ६ तासांत हळूहळू दिलं आणि बाकीच्यांना साधं सलाईन. पहिले २ तास रक्तातलं एनएडी वाढलंच नाही, ते वाढलेलं दिसलं नंतर. त्यातून औषध शरीरात कसं फिरतं ते थोडं कळलं, पण माणसाला तरतरी आली, वय कमी झालं, आजार बरा झाला, असं त्यात कुठं सिद्ध झालं नाही. वय वाढलं की एनएडी कमी होतंय आणि उंदरांमध्ये ते वाढवल्यावर काही चांगले बदल दिसले, हेही खरं आहे, पण उंदरावरून आपल्या आजीपर्यंत यायला अजून लांबचा रस्ता आहे. अमेरिकेच्या एफडीएनं एनएडीच्या इंजेक्शनला कुठल्याही आजारासाठी मंजुरी दिलेली नाही, तिथं चालतंय ते कंपाउंडिंग फार्मसीमधून, म्हणजे स्वतःच औषध तयार करून देणाऱ्या दुकानांतून. त्यामुळं कुणी "अमेरिकेत मान्यता आहे" म्हणालं तर तिथंच सावध व्हा.

आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. २०२४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की जास्तीचा नायसिन मोडताना तयार होणारा ४पीवाय नावाचा पदार्थ ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांच्यात हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचा धोका जास्त दिसला. ड्रिपनंच असं होतं असं त्या अभ्यासात म्हटलेलं नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे मनात ठेवायला पाहिजे.

पहिली पायरी: थकव्याचं कारण शोधा

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय ते हेच. आपल्याकडं अशक्तपणा आला की "डॉक्टर, एक बाटली चढवा" ही जुनी सवय आहे, पाचशे मिली सलाईन जातं, दोन दिवस बरं वाटतं, आणि आजार आत तसाच राहतो. एनएडी ड्रिप ही त्याच सवयीची महागडी आवृत्ती होऊ नये.

आधी या तपासण्या करा: सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन वगैरे, टीएसएच म्हणजे थायरॉइडची, एचबीए१सी म्हणजे शुगरची, व्हिटॅमिन बी १२, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन म्हणजे किडनीची, लिव्हरची तपासणी, लघवी. बेळगावात बिम्सच्या जिल्हा हॉस्पिटलला गेलात तर कमी खर्चात बरंच होतंय, खाजगी लॅबमध्ये केलात तरी एका ड्रिपच्या मानानं खर्च कमीच येतो. शाकाहारी घरांत, आपल्याकडं लिंगायत, जैन, ब्राह्मण कितीतरी घरं आहेत, बी १२ कमी असणं फार कॉमन, हातापायाला मुंग्या, जीभ लाल, चालताना तोल जातो, आणि त्याचं इंजेक्शन स्वस्त, चांगलं, वर्षानुवर्षं वापरातलं. बायकांमध्ये पाळीत जास्त जात असेल तर ते कुणी विचारल्याशिवाय सांगतच नाहीत, अक्का, वैनी, मावशी, ते स्वतःहून सांगा, कारण हिमोग्लोबिन ७-८ वर घेऊन तुम्ही शेतात, बिडीच्या कामात, घरात राबत असता आणि त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देता. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप, असं असेल तर थुंकी तपासा, ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. घोरणं जोरात असेल आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागत असेल तर झोपेची तपासणी. मन लागत नाही, झोप येत नाही, रडू येतं, हाही थकवाच असतोय आणि त्यालाही उपचार आहे.

रिपोर्ट हातात आले की एमडी मेडिसिन डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथंच सुटतो.

दारू सोडवण्यासाठी म्हणून कुणी सांगत असेल तर

हे वेगळं लिहिते कारण यात जीव जाऊ शकतो. १९६१ मध्ये ओहॉलरन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी व्यसनी पेशंटना हेच औषध दिल्याचं लिहिलं होतं आणि आजची जाहिरात अजून त्याच्यावर उभी आहे, पण ती त्यांची निरीक्षणं होती, तुलना करून केलेली चाचणी नव्हती.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं दारू एकदम बंद केली की पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, थरथर, ताप, दिसू नये ते दिसणं. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठराविक गोळ्या लागतात आणि थायमिन म्हणजे बी १ चं इंजेक्शन लागतं, तेही ग्लुकोज चढवायच्या आधी, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. वेलनेस क्लिनिकच्या खुर्चीत बसवून चार तासांनी घरी पाठवायचा हा पेशंट नव्हे. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावातून हायवेनं दीड तासाच्या आसपास, बेळगावातल्या बिम्स आणि केएलई या दोन्ही हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६, दोन्ही फुकट. टेली मानसवर मराठीतही बोलता येतं, कन्नड येत नाही म्हणून अडायचं कारण नाही.

कुणी अजिबात घेऊ नये

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, लहान मुलं, कॅन्सर असलेले किंवा होऊन गेलेले (कॅन्सरच्या पेशींनाही एनएडी लागतंच, त्यामुळं उगाच धोका कशाला), हृदय कमजोर असलेले, ठोके अनियमित असणारे, किडनी खराब असलेले, डायलिसिसवाले. किडनी-हृदयवाल्यांना नुसतं ५०० मिली पाणीसुद्धा जड जाऊ शकतं, श्वास भरून येतो. बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ज्या डॉक्टरांच्या त्या गोळ्या आहेत त्यांना विचारल्याशिवाय नाही.

बऱ्याच ठिकाणी एनएडीबरोबर ग्लुटाथायोन, व्हिटॅमिन सी, मॅग्नेशियम असं कॉकटेल देतात. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस असेल तर आधी जी६पीडी तपासणी झालीय काय विचारा, ते एंझाइम कमी असणाऱ्याचं रक्त फुटू शकतं. आणि शुगरवाल्यांनी लक्षात ठेवा, त्या मोठ्या डोसनंतर काही ग्लुकोमीटर शुगर चुकीची दाखवतात, ते आकडे बघून कुणी इन्सुलिन घेतलं तर भलतंच व्हायचं.

क्लिनिक बघायला जाल तेव्हा

पैसे भरायला म्हणून जाऊ नका, नुसतं विचारायला म्हणून जा. कर्नाटकात खाजगी दवाखान्याला केपीएमई कायद्याखाली, म्हणजे २००७ च्या कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतंय, तो नंबर दवाखान्यात लावलेला बघा. ब्युटी पार्लर, जिम, स्पा यांत नसेत सुई घालायची परवानगी नसते. डॉक्टरांचं नाव नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाईटवर शोधता येतं, लेकाला-सुनेला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम.

मग हे विचारा. लिहून घेऊन जा, लाजू नका.

डॉक्टर पूर्ण वेळ इथं असतात काय, की सुई लावून निघून जातात? ॲड्रेनालिन, ऑक्सिजन, बीपीचं मशीन, पल्स ऑक्सिमीटर आहे काय, आणि ते वापरता येणारं माणूस आहे काय? काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार? किती मिलीग्रॅम देणार, किती तासांत? पहिल्यांदाच ५०० किंवा १००० मिलीग्रॅम सांगत असतील तर मला ते पटत नाही, घ्यायचंच असेल तर कमी डोसपासून, सावकाश.

वायल म्हणजे औषधाची छोटी बाटली बघायला मागा. त्यावर कंपनीचं नाव, लायसन्स नंबर, बॅच, एक्स्पायरी आणि नसेतून देण्यासाठी असं छापलेलं पाहिजे. "रिसर्चसाठी" किंवा "सप्लिमेंट" असं लिहिलं असेल तर उठून या. असं का म्हणते, तर २०१९ मध्ये अमेरिकेत सप्लिमेंटच्या दर्जाची ग्लुटाथायोन पावडर इंजेक्शनसाठी वापरली गेली आणि पेशंटना मळमळ, उलट्या, थंडी वाजणं असे त्रास झाले, कारण त्यात एंडोटॉक्सिन म्हणजे जंतूंपासूनचं विष होतं. तोंडानं घ्यायची वस्तू आणि रक्तात सोडायची वस्तू यांच्या शुद्धतेत फार फरक असतोय. एनएडी थंड ठेवावं लागतं, म्हणून लाईट गेल्यावर फ्रिजचं काय करता हेही विचारा, आपल्याकडं पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो.

संमतीचा फॉर्म बहुतेक इंग्लिशमध्ये किंवा कन्नडमध्ये असणार. आपल्या कितीतरी बायकांचं, म्हाताऱ्या माणसांचं शिक्षण मराठी शाळेतलं, त्यांना तो वाचता येत नाही आणि त्या "इथं सही करा" म्हटलं की करतात. तसं करायचं नाही. मराठीत वाचून, समजावून सांगा म्हणायचं, हा पेशंटचा हक्क आहे, कुणावर उपकार नव्हेत. समजेल तेव्हाच सही, आणि त्याची एक कॉपी घ्यायची.

दहा ड्रिपचं पॅकेज आधी पैसे भरून घेऊ नका. इन्शुरन्समध्ये असल्या वेलनेस ड्रिपचे पैसे सहसा मिळत नाहीत, तेही धरून चला. घरी येऊन ड्रिप लावणाऱ्यांना तर सरळ नाही म्हणा, घरात ऑक्सिजन कुठनं आणणार?

ज्या दिवशी ड्रिप आहे

सकाळी जा. हे मी मुद्दाम सांगते. खानापूर, चंदगड, निपाणीकडनं येणारे दुपारी पोचतात, मग शेवटची बस गाठायची घाई, मग "सिस्टर, जरा फास्ट सोडा की" म्हणतात, आणि या औषधाचा बहुतेक त्रास होतो तो वेगानंच. पोटभर नको पण नाष्टा करून जा, पाणी प्या, लघवी करून बसा, अर्ध्या बाहीचा कपडा. चालू गोळ्यांची यादी आणि रिपोर्टची फाईल बरोबर पाहिजे. घरचं एक माणूस पाहिजे, आणि परत येताना टू व्हीलर स्वतः चालवायची नाही.

सुरू करायच्या आधी बीपी आणि पल्स बघायला पाहिजे. सुई, सेट नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, सिस्टरनी हात धुतलेले, ग्लोव्हज घातलेले.

थेंब तुम्हीही मोजू शकता. साधा ड्रिप सेट बहुतेक २० थेंबाला १ मिलीचा असतो, पाकिटावर लिहिलेलं असतं. ५०० मिली ४ तासांत जायचं असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब, २ तासांत म्हटलं तर ८३. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि चेंबरमध्ये बघत मोजा. सांगितलेल्यापेक्षा जास्त दिसले की सिस्टरना बोलवा, पण रेग्युलेटरला स्वतः हात लावू नका, घरच्या माणसानंही लावू नये. सुरुवातीची १५-२० मिनिटं यापेक्षाही हळू पाहिजे.

मळमळ, पोटात कळ, चेहरा गरम होणं, डोकं जड, छातीवर दाब, धडधड, उगाच घाबरं होणं, हे एनएडीमध्ये नेहमी दिसणारे त्रास. लगेच सांगा, वेग कमी केला किंवा थोडा वेळ थांबवलं की बहुतेक वेळा उतरतात. "औषध काम करतंय, सहन करा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. छातीवरचा दाब थांबवूनही गेला नाही तर ईसीजी काढायलाच पाहिजे.

आणि हे झालं तर हळू नाही, बंदच: अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, श्वास लागणं, चक्कर येऊन डोळ्यासमोर अंधारी, थंडी वाजून हुडहुडी भरणं. पहिल्या चार-पाच गोष्टी ॲलर्जीच्या, त्यात ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीत लगेच द्यावं लागतं, मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलीग्रॅम, आधी एव्हिल-डेक्सोना (ॲलर्जीची आणि स्टेरॉइडची नेहमीची इंजेक्शनं) देऊन वाट बघत बसायचं नाही, आणि मग १०८ ला फोन करून मोठ्या हॉस्पिटलला. हुडहुडी भरली तर बाटलीत किंवा सेटमध्ये काहीतरी दूषित असू शकतं, म्हणून ती बाटली, वायल, सेट टाकून देऊ द्यायचा नाही, पिशवीत बांधून ठेवायचा आणि बॅच नंबरचा फोटो काढायचा. सुईच्या जागी फुगलं, जळजळलं तरी थांबवायला सांगा, औषध नसेबाहेर जात असतंय.

घरी आल्यावर

अर्धा तास तरी तिथंच बसून मग निघा. दोन दिवस हाताकडं लक्ष ठेवा, नस दोरीसारखी कडक, लाल, दुखरी झाली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, हळद-चुना लावून बसू नका. बिल आणि त्यावर औषधाचं नाव, डोस, बॅच हे सगळं फाईलला लावा.

फायदा झाला काय हे कसं कळणार? ड्रिपच्या आधीच एक आठवडा वहीत लिहा, किती वाजता झोपलो, उठल्यावर कसं वाटलं, किती चाललो, दुपारी पडावं लागलं काय. नंतर दोन-तीन आठवडे तसंच लिहा. त्या संध्याकाळी बरं वाटणं धरू नका, चार तास आडवं पडून, पाणी अंगात जाऊन कुणालाही बरं वाटतंय. वहीत फरक दिसला नाही तर पुढची ड्रिप घेऊ नका, "सहा झाल्यावर कळेल" म्हणतील, तरीही.

त्रास झाला तर पीव्हीपीआयच्या १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर कळवा, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद तिथं होते आणि पेशंट स्वतः फोन करू शकतो. दवाखान्याबद्दल तक्रार असेल तर दवाखाना कुठल्या राज्यात आहे ते बघायचं, तुम्ही कुठं राहता ते नव्हे. बेळगावात ड्रिप घेतली असेल तर घर चंदगडला असलं तरी तक्रार बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या केपीएमई समितीकडं, अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या म्हणजे डीएचओंच्या ऑफिसात द्यायचा, डॉक्टरांबद्दल असेल तर कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं. कोल्हापूरला घेतली असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. बेळगावच्या ऑफिसात अर्ज देताना कन्नड किंवा इंग्लिशमध्ये लिहून नेला तर काम लवकर हलतं, बरोबर बिल, संमती फॉर्मची कॉपी आणि बॅचचा फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.